सात नंबरच्या चारीचं बदलांचं पान

अश्विनी घाटघरची. नाणेघाटाच्या अलीकडे तिच्या वडिलांची पाच भातखाचरं होती, एकाखाली एक. वरचं खाचर भरलं की पाणी बांध ओलांडून खालच्यात उतरायचं, ते भरलं की त्याच्याही खालच्यात. लहानपणी ती बांधावर बसून ते उतरणं बघत राहायची. आई हाका मारून थकायची. "कुठं हरवलीस गं?" हा प्रश्न पुढे शाळेत, होस्टेलवर आणि नोकरीतही तिच्या मागे आला. हरवायला तिला फार लांब जावं लागत नसे.

२००८ साली ती नारायणगावात सुभाष यांच्या कॉम्प्युटरच्या ऑफिसात काम करत होती. खाली खतांचं दुकान, वर तीन टेबलं. तिथे तिने कालव्यावरच्या पाणी वापर संस्थांसाठी एक वेबसाइट तयार केली. कोणत्या शेताला कोणत्या दिवशी किती तास पाणी, याची यादी त्यावर बनायची. कालव्यातून फुटणाऱ्या सात नंबरच्या चारीवरच्या संस्थेने ती सगळ्यांत आधी घेतली. सचिव यादी छापून भिंतीला चिकटवत.

पाणी कुठून सुरू करायचं, हे अश्विनीने कुणाला विचारलंच नाही. पाणी वरून खाली येतं, यात विचारायचं काय? म्हणून कालव्याजवळचं शेत पहिलं आणि चारीच्या शेपटाकडचं शेवटचं.

कालव्याच्या मुलखात रीत उलटी. वरच्यांनी आधी पाणी घेतलं तर शेपटाला ओलसुद्धा पोचत नाही. म्हणून पाणी आधी थेट शेपटाला न्यायचं आणि मग एकेक शेत वर सरकायचं. हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी भिंतीवर छापील यादी लागली तेव्हा कुणी तोंड उघडलं नाही. कॉम्प्युटरवर आलंय म्हणजे सरकारनेच नवा नियम केला असेल, असं सगळे समजले.

जानेवारीतल्या एका रविवारी अश्विनी घाटघरहून एसटीने नारायणगावला परत येत होती. रस्त्याला लागून दुसरीच एक चारी होती. तिच्यातलं पाणी गाडीबरोबर चाललं होतं, ऊन अंगावर घेऊन, एकाही शेतात न वळता. दोन गावं गेली तरी ते चाललंच होतं.

"हे कुठंच थांबत का नाही?" तिने शेजारच्या बाईला विचारलं.

बाई हसली. "आदी टेलला जातंय ना, पार शेपटाला. तू पावणी दिसती इकडं!"

स्टँडवर उतरून अश्विनी थेट ऑफिसात गेली आणि क्रम उलटा केला. काम दहा मिनिटांचं. जुनी यादी गेली, नवी आली, आणि जणू ती पहिल्यापासून तशीच होती. तिने कुणाला सांगितलं नाही. चूक दुरुस्त झाली म्हणजे संपली, असं तिला वाटलं.

सोमवारी सकाळी सचिवांकडून ताजी यादी घेऊन सावळेराम निघाला. तो चारीवरचा पाटकरी, तीस वर्षं शेतांची दारं उघडणारा आणि बंद करणारा माणूस. नव्या यादीत पहिला नंबर शेपटाकडच्या चिमाबाईच्या कांद्याचा होता. पण चिमाबाई जुन्या यादीतला आपला शुक्रवार बघून लेकीकडे ओतूरला गेली होती. पाणी कुणासाठी थांबत नाही. सावळेरामने ते पुढच्या शेतात वळवलं, आणि ते शेत नेमकं त्याच्या मेव्हण्याचं, गोरखचं निघालं.

गावाला तेवढंच निमित्त पुरलं. पाटकऱ्यानेच सचिवांना सांगून यादी फिरवली, असं मंगळवारपासून पारावर बोललं जाऊ लागलं. शनिवारी सभेत पाटकरी बदलायचा ठराव येणार होता.

गुरुवारी सावळेराम जिना चढून वर आला. टोपी काढून हातात धरली.

"ताई, तुमच्या मशिनीत कुनी हात घातला ते दिसतं का?"

"दिसत नाही, काका. पण मला माहीत आहे. मीच घातला." आणि तिने सगळं सांगितलं.

"म्हंजी वरून खाली ते तुमचं व्हतं व्हय?" सावळेराम हसला. "मी म्हनलं सरकार येडं झालं!" मग त्याचं हसू विरलं. "पर मला एकट्याला सांगून काय उपेग? लोकान्ला त्या पडद्यावर दिसाया पायजे."

सुभाष हे ऐकत होते. बदलांचं वेगळं पान करायला त्यांची ना नव्हती. "ज्याला हवं तसं ते मांडून घेता यावं, असं कर. बाकीच्या संस्थाही मागतील," ते म्हणाले. "फक्त 'क्रमात सुधारणा केली', एवढंच लिही. आपली चूक आपणच कशाला मिरवायची?"

गुरुवार-शुक्रवार अश्विनी त्या पानात बुडून गेली. एका बदलाला एक ओळ: तारीख, आधी काय होतं, आता काय झालं, का झालं, कुणी केलं, कुणाला कळवलं. ज्याला फक्त आपली चारी बघायची त्याने तेवढीच बघावी. ज्याला शेवटच्या पाच ओळी पुरतात त्याला पाचच दिसाव्यात. म्हाताऱ्या डोळ्यांसाठी अक्षर मोठं करता यावं. शुक्रवारी दुपारी वीज गेली, तेव्हा काळ्या पडद्याकडे बघत ती तशीच बसून राहिली. पाणी पुढे सरकलं तरी मातीवर ओलीची रेघ राहते. ते काल कुठवर आलं होतं, हे त्या रेघेवरून कळतं. आपल्या यादीला अशी रेघच नव्हती.

वीज आल्यावर सुभाष तिच्या खुर्चीमागे उभे राहिले. "छान. आता 'का' आणि 'कुणी' हे दोन रकाने झाकायची सोय ठेव."

"सर, अक्षर बदलता येईल, रंग बदलता येईल. हे दोन झाकता येणार नाहीत."

"का म्हणून?"

"झाकता आले तर आणखी कुणाला तरी जिना चढून यावं लागेल."

सुभाषांनी पडद्यावरच्या 'कुणी'च्या रकान्यावर बोट ठेवलं. "तुझं नाव लागेल हो त्यात."

"लागू दे."

शनिवारी सकाळी मारुतीच्या देवळात सभा भरली. अश्विनी खांबाशी बसली होती. सचिवांनी चौथऱ्यावर कॉम्प्युटर मांडला, अक्षर मोठं केलं आणि मोठ्याने वाचलं, "आधी: वरून खाली. आता: शेपटाकडून वर. कारण: यादी करणारीला चारीची रीत माहीत नव्हती. बदल कुणी केला: अश्विनी. बदल कुणाला कळवला: कुणालाच नाही."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. ती उठून उभी राहिली. "मीच ती," ती म्हणाली.

"आगं बया! एवढीशी पोर!" चिमाबाईने कपाळावर हात मारला. "आन मी तीन दिस ह्या मानसाला शिव्या घालतीय!"

"चार दिस," सावळेराम म्हणाला. "मी मोजल्यात."

देवळात हशा पिकला. ठराव कुणी मांडलाच नाही. चारीला अजून दोन दिवस पाणी होतं. चिमाबाईची चुकलेली पाळी आज दुपारी द्यायची, असं ठरलं. सचिवांनी अश्विनीला तिथेच नवी ओळ लिहायला लावली.

"कारणात लिव, म्हातारी लेकीकडं पुरनपोळ्या खात बसली व्हती," गोरख मागून ओरडला.

"लिव, लिव! आन तुज्या शेतात फुकाचं पानी गेलं, ते बी लिव!"

दुपारी चारीच्या शेपटाशी सावळेराम, चिमाबाई आणि अश्विनी, तिघंच उभी होती. चारीत पाणी काठोकाठ येऊन थांबलं होतं. त्यावर तरंगणारा पाचोळा हळूहळू स्वतःभोवती फिरत होता. सावळेराम फावडं टेकून तसाच उभा राहिला. दाराकडे गेला नाही.

"तुमीच उघडा," तो चिमाबाईला म्हणाला. "मंग कुनाचं काय म्हननं नको."

चिमाबाईने पदर खोचला, दोन पावलं पुढे गेली आणि थांबली.

"मी नाय उघडायची," ती म्हणाली. "पाटकरी तू हायेस ना? मंग उघड की."

सावळेरामने वाकून दार उचललं.