सुटं टोक

‘खडेताई’ हे नाव तिला प्रयोगशाळेतल्या पोरांनी ठेवलं आणि तिनंही ते निमूट घेतलं. खडे म्हणजे स्फटिक. प्रोटीनचे स्फटिक पिकवायचे, त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि किरण कसे विखुरतात त्यावरून प्रोटीनचा आकार शोधायचा, हे तिचं काम. त्यात तिचा हात असा बसला होता की दुसऱ्यांकडे रुसून बसलेली प्रोटीनंही तिच्याकडे आली की मुकाट्यानं स्फटिक धरत. फक्त तिचं स्वतःचं प्रोटीन काही बधत नव्हतं.

ते होतं एका फेजच्या शेपटीचं, टोकासकट. फेज म्हणजे जिवाणूंचा काळ ठरणारा विषाणू. शेपटीच्या टोकानं तो जिवाणूला चाचपतो, पक्का धरतो आणि मग आपला ऐवज आत सोडतो. कुठल्याच औषधाला न जुमानणारा एक जिवाणू हा फेज लीलया मारायचा. “याची पकड कशी बसते ते कळलं ना, तर हवा तसा फेज घडवता येईल,” असं प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी ती नवखी असताना सांगितलं, आणि ती कामाला लागली ती लागलीच.

थंड खोलीत ट्रेवर ट्रे चढले. प्रत्येक खळग्यात एक थेंब, प्रत्येक थेंबात थोडं वेगळं मीठ, थोडा वेगळा आंबटपणा. घरी आल्यावर आई विचारायची, “झाला का गं तुझा खडा?”

“लोक देव पाण्यात ठेवतात, मी प्रोटीन ठेवलंय,” ती हसून म्हणायची. पुढेपुढे हसणं गळालं, उत्तर तेवढं राहिलं.

एका सकाळी एका थेंबात धारदार कडांचं काहीतरी चमकलं. ती धावतच सरांना घेऊन आली. सूक्ष्मदर्शकाखाली तिनं त्याला बारीक सुई लावली. प्रोटीनचा स्फटिक ओल्या खडूसारखा दबतो. हा कट्कन तुटला.

“मीठ,” सर म्हणाले. “अगं, ते शेपटीचं टोक कापून टाक. उरलेल्याचा तरी स्फटिक होईल.”

“टोकच कापलं तर बघायचं काय, सर?” ती म्हणाली, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली.

सर निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीवर जी आली, तिला थेंब लावायला खडेताईनंच शिकवलं होतं. तिच्याबरोबर नवं यंत्र आलं. प्रोटीन बर्फाच्या पातळ थरात गोठवायचं, लाखो रेणूंचे फोटो काढायचे आणि ते एकावर एक बसवून आकार मिळवायचा. स्फटिकाची गरजच नाही. बाकीच्यांनी आपापले ट्रे आवरले. खडेताईचा पीळ काही सुटला नाही. “एकदा टाकून बघू या ना, ताई,” असं ती पोरगी कितीदा तरी म्हणाली. ताई उडवून लावायची. खरं तर तिला धडकी भरली होती. आपल्या उमेदीच्या सगळ्या वर्षांत जे जमलं नाही, ते यंत्रानं चुटकीसरशी केलं तर?

मग वरून निरोप आला. थंड खोली रिकामी करायची, आणि ताईची जागा पुढे चालू ठेवायची नाही. त्या दुपारी ती स्वतःच पोरीच्या दारात गेली. “घे. टाक तुझ्या यंत्रात.”

पडद्यावर शेपटी उमटली, पीळन् पीळ स्पष्ट. टोकाच्या जागी मात्र नुसतं धुकं.

“ताई, हे टोक एका जागी ठरतच नाही,” पोरगी हळू आवाजात म्हणाली. “दर फोटोत वेगळीकडे वळलंय. जिवाणू चाचपायला तसं सुटंच असावं लागत असणार.”

“म्हणजे स्फटिक...”

“सगळे रेणू एकसारखे बसले तरच स्फटिक होतो. तुम्हीच शिकवलंत मला.”

आपला हात कमी पडला, हे दुःख ताईनं कधीच गिळलं होतं. पण हात कमी पडलाच नव्हता. जे होणारच नव्हतं त्याच्यासाठी ती थंडीत बोटं गोठवत बसली होती, आणि रागवावं असं समोर कुणीही नव्हतं.

घरी आईनं नेहमीचा प्रश्न विचारला.

“नाही झाला. होणारच नव्हता, आई.”

“मग इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही?”

“कुणाला माहीतच नव्हतं.”

“आता कळलं ना? तुझ्यामुळे?”

“नाही. यंत्रामुळे.”

आईनं पुन्हा कधी विचारलं नाही, आणि तेच ताईला जास्त लागलं.

शोधनिबंध छापून आला. ‘टोक लवचीक असल्यामुळे दिसत नाही,’ एवढंच एक वाक्य टोकाबद्दल होतं. ताईचं नाव कुठेतरी मधे. तिला पाण्याचे नमुने तपासायची नोकरी मिळाली, आणि जायच्या आदल्या दिवशी ती थंड खोली आवरायला आली. ट्रे उचलायचा, उजेडात धरून थेंबांवरून नजर फिरवायची आणि मगच कचऱ्याच्या पिशवीत टाकायचा.

“ताई, आता नका ना बघू,” दारातून पोरगी म्हणाली.

“तू तो खालचा कप्पा घे,” ताई म्हणाली, आणि पुढचा ट्रे उजेडात धरला.