भिंगरीची पूर्णवेळ नोकरी

आमच्या भाचीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. हे नाव मीच ठेवलंय, तेव्हा श्रेय माझं. सकाळी शाळेची प्रयोगशाळा सांभाळायची, दुपारी क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायचं. दोन्ही नोकऱ्या अर्धवेळ, आणि डबा मधल्या बसमध्ये उभ्या उभ्या खायचा. तिकीट मागायच्या आधी कंडक्टर तिचा घास गिळून व्हायची वाट बघायचा!

आमच्या गावाची तऱ्हाच न्यारी. दहावीनंतर शाळा सोडलेल्या मुलींना कपड्याच्या कारखान्यात दिवसभराचं काम चटकन मिळतं. भिंगरीने एक सोडून दोन-दोन पदव्या घेतल्या, तर म्हणे एवढ्या शिकलेल्या मुलीजोगं काम इथे अर्ध्या दिवसाचंच. कंटाळून ती कारखान्यात गेली, तर मॅनेजर म्हणाला, "तुम्ही काही टिकणार नाही इथे." जास्त शिकली म्हणून परत पाठवलेली मुलगी मी तरी पहिल्यांदाच पाहिली. त्याला चार शब्द सुनावायला मी चपला घालून निघाले होते, पण ताईने, म्हणजे तिच्या आईने, मला हाताला धरून बसवलं.

मोठ्या शहरात मात्र त्याच पदव्या दाखवल्या आणि डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासायची पूर्णवेळ जागा मिळाली. महिनाभर काम बघणार, पटलं तर कायम, नाहीतर परत गावची बस. घरात नुसता धिंगाणा! एरवी तोंडातून शब्द न काढणारे आमचे भावजी, म्हणजे तिचे बाबा, शेजारीपाजारी "पूर्णवेळ बरं का, पूर्णवेळ" असं सांगत फिरले.

पहिल्याच दिवशी दुपारी फोन वाजला.

"मावशी, गेली गं नोकरी!"

"अगं, लागून दिवस तरी झाला का?"

झालं होतं असं, की एक वाजला आणि भिंगरीने सवयीने हात धुतले, पर्स उचलली, सगळ्यांना "येते हं, उद्या भेटू" म्हटलं आणि समोर आली ती बस पकडली. बसायला जागा असून डबा उभ्यानेच खाल्ला. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने उतरवलं, तेव्हा कुठे बाईसाहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला, की जायला दुसरी नोकरीच नाही!

ती तिकडे मुसमुसतेय आणि मी इकडे पोट धरून हसतेय. शेवटी कसंबसं म्हटलं, "तशीच परत जा आणि खरं काय ते सांग. थापा मारायला गेलीस तर ततपप होईल तुझं."

मग मात्र संध्याकाळपर्यंत माझा जीव टांगणीला लागला. भाजी करपली, ती मी तशीच सगळ्यांना वाढली.

एकदाचा फोन आला. तिथल्या मुख्य बाई आधी चांगल्या रागावल्या, आणि कारण ऐकल्यावर चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग त्यांनी टेबलाचा एक कप्पा उघडून दाखवला. "पर्स, डबा, सगळं यात कुलपात ठेवायचं. कुलूप उघडताना आठवेल, की दिवस अजून संपलेला नाही. हा कप्पा आता तुमचाच."

अर्धवेळच्या माणसाला कप्पा नसतो, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं तिचं सगळं सामान तिच्या खांद्यावरच फिरत होतं.

"मावशी, किल्ली दिलीय मला!" तिचा आवाज नुसता नाचत होता. "असली किल्ली बायका कुठे ठेवतात गं?"

"मला काय विचारतेस? मला कुणी दिली होती का कधी?" मी म्हटलं, आणि हसता हसता मला तिचा हेवा वाटला.