बदलीचा माणूस

विमा हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. कुणी एजंट दारात आला तर बायको त्याला ओट्यावरूनच वाटेला लावते, कारण मी काय बोलेन याचा तिला भरवसा नसतो.

मी चिंचणीचा. वडिलांची बोट होती. मी समुद्र सोडला आणि बोईसरच्या एमआयडीसीत शेडचे गळके पत्रे बदलायचे, टाक्या रंगवायचे ठेके घ्यायला लागलो. माणसं गावचीच घ्यायचो. बोटीवर वाढलेला माणूस उंचीला घाबरत नाही आणि दोरीला गाठ मारायला त्याला शिकवावं लागत नाही.

कारखान्याच्या गेटातून माणसांच्या आधी पॉलिसी आत जाते. माणूस कामावर जखमी झाला की त्याला भरपाई द्यायची जबाबदारी कायद्याने ठेकेदारावर येते. ती विमा कंपनीने आपल्या वतीने उचलावी म्हणून दरवर्षी हप्ता भरायचा. माणसं किती, पगार किती, काम कसलं, यावर तो ठरतो. जमिनीवरचं काम स्वस्त, उंचीवरचं महाग. दवाखान्याचा खर्च हवा असेल तर जादा हप्ता. हाताखाली पेटी ठेकेदार घेतला तर त्याच्या माणसांचा आणखी जादा. म्हणून कितीतरी ठेकेदार पत्र्यावर चढणाऱ्याला कागदावर हेल्पर करून जमिनीवर उतरवतात. त्यांना शिव्या द्यायला मी तयार आहे, पण पहिली शिवी कारखान्याच्या खरेदी खात्याला. कामाचा दर ठरवताना हे लोक घासाघीस करून आपला पार चोथा करतात आणि उठता उठता सांगतात, "पॉलिसी मात्र फुल पाहिजे हं." आयजीच्या जिवावर बायजी उदार!

मी सगळं घेतलं होतं. उंची घेतली, दवाखाना घेतला. तेव्हा ज्या कारखान्यात काम चालू होतं त्याला माणसांची नावं हवी होती, ती यादीही जोडली. एजंट म्हणाला, "आता तुम्ही निर्धास्त राहा." आणि मी मूर्ख, राहिलो.

आमच्याकडे बोटीवर एक रीत आहे. खलाशी आजारी पडला तर त्याच्या जागी त्याच्या घरातला दुसरा कुणीतरी उभा राहतो. बोट चालवणाऱ्या तांडेलाची परवानगी कुणी मागत नाही. मासळीचा वाटा घराचा असतो, माणसाचा नसतो. उलट बदली पाठवली नाही तर लोक तोंडावर बोलतात की कामाला दगा दिला. ही रीत मी काही ठेक्यात आणली नव्हती. पण माणसं गावची, तेव्हा तीही त्यांच्याबरोबर गेटातून आत आली.

यादीत गावातल्या दोघा भावांपैकी थोरल्याचं नाव होतं. धाकटा बोटीवर जायचा. एके दिवशी थोरल्याची दाढ अशी सुजली की त्याला तोंड उघडता येईना. मग धाकट्याने त्याचं हेल्मेट घातलं, त्याचा पास गळ्यात अडकवला आणि सकाळच्या बसने कामावर आला. सिक्युरिटीवाला म्हणाला, "पास दिखाओ." त्याने पास बघितला, तोंड बघितलं नाही. माझ्या मुकादमाने ओळखलं, पण तोही आमच्याच गावचा. त्याला वाटलं, पोरगं शहाणं आहे, भावाचा खाडा पडू दिला नाही. मी तेव्हा दुसऱ्या साइटवर होतो.

त्या शेडचे सिमेंटचे पत्रे जुने, पाय ठेवला की कुरकुरणारे. वर माणूस चढायच्या आधी बेल्टचा हूक अडकवायला आडवी दोरी बांधून द्यायचं काम कारखान्याचं होतं, तसं ठरलंच होतं. दोरी आली नव्हती. कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरने मुकादमाला सांगितलं, "दुपारपर्यंत येईल, तोवर सुरू करा, शटडाउन वाढवता येणार नाही." माणसं चढली. बेल्ट सगळ्यांनी नीट घातले होते, हूक मात्र कमरेला नुसते लोंबत होते. पत्रा फुटला. धाकटा खाली पंपावर आदळला आणि त्याचा खुबा मोडला.

मी दवाखान्यात पोचलो तोवर तिथे थोरल्याचं नाव लागलं होतं, कारण पासावर तेच होतं. खाटेजवळ गेलो तर हा धाकटा. मी मुकादमाकडे बघितलं, त्याने मान खाली घातली. तेवढ्यात सेफ्टी ऑफिसरने मला जिन्याखाली नेलं.

"बाप एक, आडनाव एक, तोंडवळा एक," तो म्हणाला. "राहू द्या आहे तसं. तुमची पॉलिसी पैसे देईल, आमचं रेकॉर्डही नीट राहील. कशाला विषय वाढवता?"

असं शांतपणे म्हणाला की त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण खरं सांगायचं तर क्षणभर मलाही ते पटलं. माझी सुटका त्यातच होती.

मग थोरला आला, गालाला मफलर बांधून. सोबत आई. थोरला म्हणाला, "दादा, माज्या नावानं होऊ दे ना. वाटा तं घरातच येतो."

आई म्हणाली, "दोगं काय येगले हायत?"

माझा संताप झाला, आणि तो निघाला त्या माउलीवर. "मावशी, अगं बोट आहे का ही? उद्या कागदावर थोरला लंगडा होईल. त्याला कोण पास देईल? कुठल्या गेटात घेतील? आणि हा जन्माचा लंगडा झाला तर कागदावर धडधाकट! याला अपंगाचा दाखला कोण देणार? आणि ऑपरेशनात याचं काही बरंवाईट झालं, तर दाखल्यावर मेला कोण?"

मी जाऊन खरं नाव सांगितलं.

त्यानंतर सगळ्यांनी आपापलं अंग काढून घेतलं. विमा कंपनी म्हणाली, यादीत नाव नाही, दावा नामंजूर. एजंटाने फोन उचलणं सोडलं. भरपाईची केस उभी राहिली तेव्हा कारखान्याने लिहून दिलं की हा माणूस दुसऱ्याचा पास वापरून फसवणुकीने आत शिरला. सही त्याच ऑफिसरची. जिन्याखाली एका बापाचा होता, कोर्टात घुसखोर झाला. माझा वकीलही म्हणाला, "तुम्ही याला ओळखतच नाही म्हणा, सुटाल." मी उभा राहिलो आणि म्हणालो, माझा माणूस आहे, माझंच काम करत होता.

कायद्याला एवढी अक्कल आहे की तो यादी बघत नाही, काम कुणाचं होतं ते बघतो. कारखान्यालाही तो धरतो. पण भरलेली रक्कम कारखान्याने ठेकेदाराकडून वसूल करायची मोकळीकही देतो. फिरून फिरून भोपळे चौकात. मी परांच्या विकल्या, पाइप विकले, आणि त्या गेटावर माझं नाव कायमचं काळ्या यादीत गेलं. आता चिंचणी-वाणगावात घरं रंगवतो. धाकट्याला भरपाई मिळाली, त्याच्या स्वतःच्या नावाने. त्याबद्दल मला खंत नाही.

माझं रक्त उकळतं ते दुसऱ्याच गोष्टीने. सगळी केस चालली ती पडला कोण यावर. पास कुणाचा, हेल्मेट कुणाचं, यादीत कोण. का पडला, हे एकाही माणसाने विचारलं नाही. मीच ओरडलो, "अरे, दोरी कुठे होती ते विचारा ना कुणीतरी!" कारखान्याचा वकील हसून म्हणाला, हा आजचा विषय नाही.

परवा बोईसरच्या नाक्यावर थोरला भेटला. धाकटा काठी घेऊन चालतो, घरी बसून सुके बोंबील निवडतो. घरात कमावता आता थोरलाच, म्हणून नव्या ठेकेदाराकडे लागला होता. कारखाना तोच, शेड तीच. माझेच पाइप, माझ्याच परांच्या, त्या ठेकेदारानेच विकत घेतल्या होत्या. गळ्यातला पास त्याने मला पुढे करून दाखवला. फोटो त्याचा, नाव त्याचं. आता आजारी पडला तरी बदली पाठवत नाही म्हणाला.

मी विचारलं, "पत्र्यावर दोरी बांधली का रे?"

"नाय अजून," तो म्हणाला. आणि माझा चेहरा बघून मलाच धीर द्यायला लागला, "पन दादा, पॉलिसी हाय ना."