बिनभाताचं जेवण

आमच्या कटंगीच्या शाळेत गणिताचे एक मास्तर होते. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आम्ही बाकीचे मास्तर भाताचे डबे उघडायचो, तेव्हा ते कोपऱ्यातला स्टोव्ह पेटवायचे. कांदा चिरून दोन अंडी फोडायचे, काकडीवर मीठ भुरभुरायचे. पाच मिनिटांत जेवण तयार! पोळी नाही, भात तर नाहीच. धानाच्या मुलखात असं जेवणाऱ्या माणसाला शक्कर, म्हणजे मधुमेह, असणारच, म्हणून आम्ही त्यांना शक्करवाले मास्तर म्हणायचो. त्यांनी कधी ते खोडून काढलं नाही.

एकदा नव्या तांदळाचा भात मी हट्टानं त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी झाकण काढलं, डोळे मिटून वास घेतला आणि डबा माझ्याकडे परत सरकवला.

"काहून जी? एका घासानं काय शक्कर वाढन?" मी म्हणालो.

"मले कुठं आहे शक्कर? घरवालीले होती. त्यातच गेली," ते म्हणाले. "डॉक्टरनं तिचा भात बंद केल्ता. माह्या ताटातल्या भाताचा असाच वास घे, अन् ताट परत सरकवे."

ते पुन्हा काकडी चिरू लागले.

"अन् मी, गुरुजी, तिच्यासमोर बसून पोटभर जेवत जाओ."