वेल्सबुवांचा राहिलेला हाफ

ज्या फुटबॉल क्लबचा मी सर्वांत कट्टर समर्थक आहे, तो मी बाराखडी गिरवत होतो तेव्हाच बुडाला. तोही वेल्समधल्या एका खेड्यात, जिथं मी कधी गेलो नाही. तरी त्याचा इतिहास मला पुण्यातल्या आमच्या गल्लीपेक्षा जास्त पाठ आहे, आणि जो पाठ नव्हता तो मी रचलाय.

हा इतिहास मला दिला इथं सिंगापुरात, आमच्या ईस्ट कोस्टच्या कॉन्डोमधल्या शेजाऱ्यांनी. तुआसच्या गोदीत जहाजं दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवलेले वेल्श गृहस्थ. आम्ही मराठी मंडळी आपसात त्यांना वेल्सबुवा म्हणायचो. बुवा एका जागी बसलेले मी कधी पाहिले नाहीत. संध्याकाळी समुद्राकाठी इतके भराभर चालायचे की सायकलवाले वळून बघायचे, आणि मी शेजारून धापा टाकत इतिहास गोळा करायचो.

गाव डोंगरात, दगडाच्या खाणीपाशी. मैदान इतकं उतरतं की वरच्या गोलकीपरला खालचा दिसायचा नाही. पाऊस असा की कॉर्नर मारायला माणूस पोहत जायचा. गावाचं नाव एवढं लांब की पहिल्या गोलला सुरू केलेली घोषणा मध्यंतराला संपायची. यातलं पहिलं बुवांनी सांगितलं, बाकीचं मी जोडलं. बुवांनी हरकत घेतली नाही.

शेवट सांगताना मात्र त्यांची चाल आणखी वाढायची, आणि त्यात मी काही जोडलेलं नाही. खाण बंद पडली, पोरं कामासाठी शहरात गेली. एका शनिवारी मॅचला नऊ जणच जमले. एका गोलनं मागे असताना मध्यंतर झालं, आणि तिघं तशीच बस पकडून कामावर निघून गेली. सातपेक्षा कमी माणसांनी खेळता येत नाही, म्हणून पंचांनी मॅच तिथंच थांबवली. क्लब पुन्हा मैदानात उतरला नाही. बुवा त्याचे लेफ्ट बॅक आणि कार्यवाह. संघाचे हिरवे शर्ट तेव्हापासून त्यांच्याच कपाटात.

"दुसरा हाफ राहिलाय," ते म्हणायचे. घरातून निघाल्यावर एखाद्याला गॅस चालू राहिल्याचं आठवावं, तसं.

यंदा मुलीनं त्यांना कायमचं पर्थला बोलावलं. जायच्या आधी त्या शर्टांतली अकरा माणसं एकदा दुसरा हाफ खेळताना बघायची, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हणालो, अकरा कसली, बावीस देतो.

मग आपण जे करतो तेच केलं. आधी मंडळ काढलं. आमच्या हॉलमध्ये मिसळ खाता खाता अध्यक्ष ठरले, दोन उपाध्यक्ष ठरले (एकच केला असता तर दुसरा रुसला असता), सांस्कृतिक प्रमुख आणि स्वागत समितीही झाली. सगळ्या जागा भरल्यावर कुणीतरी विचारलं, खेळणार कोण. त्यावर बराच वेळ रस्सा वाढण्यात गेला. अखेर पदाधिकाऱ्यांनीच खेळायचं ठरलं.

रविवारी सकाळी तासाभरासाठी मैदान घेतलं. समोर वन-नॉर्थ भागातल्या एका ऑफिसातली काटक पोरं. एका गोलची आघाडी आयती मिळतेय म्हटल्यावर खुशीनं तयार झालेली. आश्चर्य म्हणजे आमचे अकराही वेळेवर आले. बुवांनी डांबरगोळ्यांचा वास येणारे शर्ट वाटले. खाणीतल्या सडपातळ पोरांची मापं ती. अध्यक्षांना शर्टात उतरवायला दोघं लागले. सगळे रांगेत उभे राहिल्यावर बुवांनी आम्हाला मोजलं. मग पुन्हा मोजलं.

आणि तिथंच स्वागत समिती जागी झाली. पाहुण्यांचा सत्कार नको? शाल आली, नारळ आला. प्रास्ताविक झालं, अध्यक्षांचं मनोगत झालं. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे, त्यामुळे पोहत मारलेला कॉर्नर, लांबलचक घोषणा, सगळं सविस्तर. एका उपाध्यक्षांनी आभार मानले म्हणून दुसऱ्यांनीही मानले. बुवा शाल पांघरून, नारळ काखेत धरून या पायावरून त्या पायावर होत होते, वाक्यावाक्याला घड्याळ बघत होते. मी त्यांच्या बालपणाकडे वळलो तेव्हा ते माझ्या अगदी जवळ आले.

"माझा क्लब माणसं नव्हती म्हणून बुडाला," ते म्हणाले. "आता माणसं आहेत. खेळा की."

नारळ माझ्या हातात, शाल गोलपोस्टवर, शिट्टी बुवांच्या तोंडात. तासातली शेवटची काही मिनिटंच उरली होती, पण ती आम्ही अशी धावलो की अध्यक्षांच्या पाठीवर शर्ट पडद्यासारखा उघडला. सांस्कृतिक प्रमुखांनी मारलेला बॉल पोस्टला लागून जो उडाला, तो मलेशियाची हद्द बघूनच परत आला. फुटबॉलला हात लागत नाहीत, म्हणून नारळ माझ्या काखेतच राहिला. तेवढ्यात बॉल समोरच्या पोरांच्या पायाला लागून बाहेर गेला. थ्रो-इन आमचा. तो टाकायला मी नारळ खाली ठेवत होतो, तोच कडेला उभ्या असलेल्या पुढच्या टीममधल्या चिनी अंकलनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं. "टाइम अप ऑलरेडी लाह."

सगळे बुवांकडे बघायला लागले. बुवांनी शिट्टी तोंडातून काढली, न वाजवता खिशात ठेवली आणि नव्या टीमला वाट करून दिली. मॅच संपल्याची शिट्टी राहिली, मी आठवण करून दिली.

"संपली कुठे?" बुवा म्हणाले. "अकरा जण उभे आहेत. कुणी बसनं गेलेलं नाही."

शिट्टी घेऊन ते पर्थला गेले. तेव्हापासून मला कुठं बसवत नाही. एमआरटीच्या डब्यात पाय आपोआप हलतो, मीटिंगमध्ये कुणी मनोगत सुरू केलं की मी उभाच राहतो. माझा हिरवा शर्ट मी अजून घरात वाळत ठेवलाय. माझी मुलगी म्हणते, "बाबा, मॅच ओव्हर लाह."

ओव्हर कशी? आम्ही एका गोलनं मागे आहोत, आणि थ्रो-इन आमचा आहे.