कुठल्या अर्थानं?

आमच्या शेजाऱ्याची ही सवयच. चष्मा कपाळावर सरकवायचा, एक बोट वर करायचं आणि विचारायचं, "कुठल्या अर्थानं?" मी नुसतं 'बस' म्हटलं तरी तेच. "कुठल्या अर्थानं, नाखवा? खाली बसू, बोलणं पुरे करू, की स्टॉपवर जाऊ?"

"गप रे मेल्या."

"मेल्या? कुठल्या अर्थानं? जिवंत आहे मी."

असा माणूस तुमच्याही शेजारी असेल, तर माझे काय हाल झाले ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

जन्मभर हा कोर्टात दुभाषी होता. साक्षीदार मराठीत बोलणार, हा साहेबाला इंग्रजीत सांगणार. रिटायर झाल्यावर खारदांड्याला आमच्या घरामागची खोली भाड्यानं घेतली. बायको वारलेली, मुलगी मुलुंडला दिलेली. सबंध दांडा सोडून हा येऊन बसायचा माझ्याजवळ, मी जाळं सांधत असलो की.

एकदा म्हणाला, "नाखवा, हे नेट."

"हे जाळं," मी म्हटलं.

"तेच. पण डब्यावर नेट वजन लिहितात, ते नेट वेगळं. तोंडावळा एक, घराणी दोन. जाळ्याचं नेट साहेबाच्या घरचंच. वजनाचं फ्रान्सवरून आलं. मूळ अर्थ स्वच्छ, चकचकीत. सगळं वजा करून उरतं ते."

मी दुसरीतून शाळा सोडली. सोडली, काढलं नाही कोणी. पण मलाही कान आहेत. म्हटलं, "आमचं नेटकं म्हणजे पण स्वच्छच ना? म्हणजे साहेबानं आमच्याकडूनच नेलं."

"तो योगायोग."

बघा! साहेबाचं ते घराणं आणि आमचं तो योगायोग! माझं डोकं असं फिरलं की दोन गाठी चुकल्या. आजही सांगतो, शब्द आमचाच.

पण खरी वाट लावली ती पापलेटच्या वेळी. त्या मोसमात बरं मासं एकदाच मिळालं होतं. व्यापाऱ्याशी भाव ठरला, नेट वजनावर. काट्यावर टोपल्या चढल्या तेव्हा तो म्हणाला, टोपली वजा, बर्फ वजा, आणि पाणी निथळल्याशिवाय वजन नाही. मी म्हटलं, टोपली आणि बर्फ वजा कर, पाणी माशाचंच आहे. अर्धा दांडा गोळा झाला. मीच छाती काढून ओरडलो, "बोलवा आमच्या दुभाष्याला! सांग रे, नेट म्हणजे काय?"

आला. चष्मा कपाळावर. बोट वर.

"कुठल्या अर्थानं?"

"वजनाच्या रे, वजनाच्या!"

"मग पाणीसुद्धा वजा."

सगळे हसले. भर बाजारात, माझ्या माशासमोर! मी म्हटलं, "माझा चहा पितोस, माझ्या ओट्यावर बसतोस, आणि त्याच्याकडून बोलतोस?"

"शपथेवर बोलायची सवय आहे नाखवा. आता मोडत नाही."

मी बोलणं टाकलं. तरी हा रोज यायचा. मी पाठ करून बसायचो, हा सुतळी धरून बसायचा. तोंडातून शब्द नाही, आणि ते त्याच्या बोलण्याहून जास्त डोक्यात जायचं. एकदा मी जेवून आलो तर यानं सुई घेऊन जाळ्याचा फाटका तुकडा स्वतःच सांधून ठेवलेला. एक भोक मुठीएवढं, एक नखाएवढं. त्यातून बोंबील काय, मांजर पार होईल! शिव्या तोंडाशी आल्या, पण अबोला होता ना. गिळल्या.

मग त्याला धाप लागायला लागली. मुलीनं मुलुंडला नेलं. जाताना ओट्यापाशी थांबला, म्हणाला, "येतो." मी मान वर केली नाही. येतो म्हणाला, म्हणजे येईल.

पावसाळा सरला तरी आला नाही. एका सकाळी बायको बाजारातून आली, टोपली डोक्यावर तशीच. म्हणाली, "ऐकलंव का? दुभाषी गेले."

माझ्या तोंडून निघून गेलं, "कुठल्या अर्थानं?"

तिनं टोपली खाली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला.

मी जाळं पुढ्यात ओढलं. त्यानं सांधलेला तुकडा कापायला सुरी घेतली, आणि तशीच ठेवून दिली.

"मेल्या," मी म्हटलं.

अर्थ विचारायला कोणी नव्हतं.