रात्री-अपरात्री येणाऱ्या मुलीसाठी खोली

भाची आमच्याकडे बदलापूरलाच राहील, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. बहीण परभणीला, मेव्हणे शाळेतून निवृत्त झालेले. भाचीने तिकडेच एमबीबीएस केलं आणि पुढच्या वर्षभराच्या इंटर्नशिपसाठी उल्हासनगरचं एक हॉस्पिटल मिळवलं. बाहेरच्या कॉलेजातून येणाऱ्यांना तिथे हॉस्टेल नसतं, हे तिला आधीच माहीत होतं. "मामा आहे ना तिथे," असं बहीण चार ठिकाणी सांगून बसली होती. आमच्या हॉलमध्ये दिवाण रिकामाच असतो. त्यामुळे मलाही त्यात अडचण दिसली नव्हती.

अडचण दिसली ती भाची हॉस्पिटलात नाव नोंदवायला गेली त्याच दिवशी. भाचीचं पहिलं पोस्टिंग प्रसूती विभागात होतं. तिथल्या सीनियर डॉक्टरबाईंनी नव्या मुलांना स्पष्ट सांगितलं, की ड्युटीचा तक्ता भिंतीवर आहे, पण लेबर रूम भरली की घरूनही बोलावणं येईल, आणि जो वेळेत पोहोचणार नाही त्याचं पोस्टिंग पूर्ण झालं असं मी लिहून देणार नाही. म्हणजे ते दोन महिने वर्षाच्या शेवटी पुन्हा करायचे. वर्ष लांबलं की पुढच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा गेली.

भाचीने हे जेवताना सांगितलं.

"मग इथून कसं व्हायचं?" बायकोने विचारलं.

"नाही व्हायचं, मामी. मध्यरात्री लोकल नसते. खोली बघावी लागेल. रात्रीसुद्धा पायी जाता येईल अशी."

मी अंबरनाथला एका कारखान्यात कॉस्टिंगचं काम करतो. एखादी वस्तू किती रुपयांत पडते हे काढण्यात माझं आयुष्य गेलं. मी लगेच हिशेब मांडला. मेव्हणे महिना आठ हजार पाठवू शकत होते. डबा, रिक्षा, पुस्तकं वजा जाता खोलीसाठी चारच्या वर पैसे उरत नव्हते. पोस्टिंग महिनाअखेर सुरू होणार होतं. तोपर्यंत खोली मिळायला हवी होती.

त्या दिवसापासून माझ्या डोक्याला चैन पडेना. कामावर जाताना, येताना, विजेच्या खांबांवर चिकटवलेले 'रूम भाड्याने देणे आहे' असे कागद वाचत चालायचो. नंबर लिहून घ्यायचो. जेवणाच्या सुट्टीत फोन लावायचो. बायको म्हणाली, "तुम्ही तिच्यासाठी खोली बघताय की स्थळ?"

माझ्या ओळखी अंबरनाथ पश्चिमेला, म्हणून सुरुवात तिथून केली. भाचीचं म्हणणं होतं की तिथून पायी जाता येणार नाही. मी म्हटलं, रिक्षा असते. पहिल्या मालकाला हेवी डिपॉझिट हवं होतं. दोन लाख एकदम ठेवा, भाडं शून्य, जाताना दोन लाख परत. कागदावर हा सौदा इतका स्वच्छ दिसतो की माझ्यासारखा माणूस भुलतो. मी दोन लाखांचं वर्षाचं व्याज काढलं, ते भाड्याच्या बरंच खाली आलं, आणि मी खुशीत भाचीकडे बघितलं. ती म्हणाली, "मामा, पण दोन लाख आहेत कुणाकडे?"

दुसरी खोली स्टेशनपासून आत, पूर्वीच्या शेतावर उठलेल्या तीनमजली इमारतीत. मालक जुने इथलेच, आगरी. ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. डॉक्टर म्हटल्यावर त्यांनी भाचीला आधी गुडघा दाखवला, मग खोली. खोली हवेशीर होती. भाडं साडेचार. वरचे पाचशे मी घालेन म्हणून हो म्हणणार इतक्यात त्यांनी विचारलं, "कामाव किती वाजता जाशील बाय?"

"कधी सकाळी, कधी रात्री," भाची म्हणाली.

"रातची? दवाखाना दिसाचा असतं ना?"

"काका, बाळं रात्रीच जास्त होतात."

"आमची सगली दिसाची झाली," असं म्हणून ते उठले. वाईट वागले नाहीत. चहा पाजला. पण जिन्याच्या दाराशी पोचवताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोर गुनी हाय. पन रातची पोर बाहेर गेली तं मना झोप नाय लागाची, भाऊ. माजी बीपी वाढल."

असं एकदा नाही, बऱ्याच ठिकाणी झालं. डॉक्टर म्हटलं की दार उघडायचं, रात्र म्हटलं की लागायचं. एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं की बॅचलर मुली चालतील, पण दहाच्या आत. भाचीने विचारलं, "आणि दहानंतर तुमच्या इथे कुणी आजारी पडलं तर?" सेक्रेटरी म्हणाले, "तर हॉस्पिटलला जाईल." ती रस्ताभर एकटीच हसत होती. मला हसू येत नव्हतं. पोस्टिंग सोमवारी सुरू होणार होतं आणि आदल्या शुक्रवारपर्यंत आमच्या हातात काही नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी एक एजंट आम्हाला उल्हासनगरला घेऊन गेला. हॉस्पिटलपासून खरोखरच पायी जाण्याइतकं जवळ. खाली दुकान, वर मालक, त्याच्या वर एक खोली, मोरी आणि गच्ची. जिन्याला लोखंडी गेट. मालकीणबाई सत्तरीच्या, सिंधी. बसवल्याबरोबर त्यांनी भाजलेले पापड आणि पाणी पुढे ठेवलं, मग बोलायला सुरुवात केली. त्यांचे यजमान आतल्या पलंगावर बसून टीव्ही बघत होते. खालचं दुकान त्यांचंच, सुया, दोरे, बटणं यांचं. आता ते चालवायला दिलं होतं.

"भाड़ा साढ़े छह," बाई म्हणाल्या. माझा पापड हातातच राहिला. पण भाची डॉक्टर आहे हे कळताच त्या पुढे सरकल्या आणि यजमानांकडे बोट केलं. "हमारे साईं को शुगर है. सुबह-शाम सुई लगती है. नुक्कडवाले दवाखाने का कंपाउंडर आता है, कभी आता है, कभी नहीं आता. साईं भूखे बैठे रहते हैं. तू लगा देगी ना, बेटा, तो साढ़े तीन दे देना."

महिना तीन हजार वाचत होते. मी होकार देण्यासाठी तोंड उघडलं.

"नहीं आंटी," भाची म्हणाली. "मैं रोज नहीं लगा पाऊँगी. मेरी रात की ड्यूटी भी होती है. जिस दिन मैं नहीं रहूँगी, उस दिन अंकल क्या करेंगे?"

"रात की? गेट तो दस बजे बंद होता है."

झालं, मला वाटलं. मी तिच्याकडे झुकून हळू आवाजात मराठीत म्हणालो, "अगं, हो म्हण आत्ता. पुढचं पुढे बघू."

"पुढचं काय बघू, मामा? त्यांची साखर?"

"मुझे मराठी आती है, हाँ," बाई म्हणाल्या. "पचास साल से यहीं हूँ."

मी उरलेला पापड बशीत ठेवला. मी उठायच्या बेतात होतो. भाची मात्र इन्शुलिन दाखवा म्हणाली. फ्रिजच्या दारातून पेन आलं. जाड बॉलपेनसारखं दिसतं ते, मागची चकती फिरवली की टक टक वाजतं, एक टक म्हणजे एक युनिट. भाचीने विचारलं, "आप खुद क्यों नहीं लगातीं?" बाईंनी हात छातीशी घेतले. आतून यजमान म्हणाले, "सारी उमर मैंने सुइयाँ बेचीं, और मेरी औरत को सुई से डर लगता है!"

भाचीने मोसंबं मागितलं. बाईंना पलंगावर बसवलं, डोळे मिटून टक मोजायला लावले, मग नवी सुई मोसंब्यात टोचायला लावली. एकदा, दोनदा, मग कितीतरी वेळा. मी घड्याळाकडे बघत होतो. अजून एक एजंट अंबरनाथला वाट बघत होता, त्याचे दोन मिस्ड कॉल येऊन गेले होते. इथे माझी भाची, जिला स्वतःला खोली नाही, ती दुसऱ्याच्या घरात शिकवणी घेत होती, आणि ज्या कामावर भाडं अर्धं होणार होतं तेच काम फुकट देऊन टाकत होती. मी दोनदा खाकरलो. तिने वळून पाहिलं नाही.

तोवर यजमानांच्या जेवणाची वेळ झाली. भाचीने पेनवरचा युनिटचा आकडा स्वतः तपासला. "दस तक गिनो, फिर निकालो." बाईंनी यजमानांच्या पोटावर पेन टेकवलं, दाबलं आणि सिंधीत मोजू लागल्या. "हिकु, ब, टे, चार..." दहा झाले तरी हात निघेना. भाचीनेच मनगट धरून बाजूला केला.

"हो गया?" यजमान म्हणाले. "मुझे तो पता ही नहीं चला."

बाई घामाने डबडबल्या होत्या आणि हसत होत्या. मग भाची म्हणाली, "आंटी, भाड़ा साढ़े छह ही लीजिए. मुझे गेट की चाबी चाहिए. रात को मैं किसी को उठाऊँगी नहीं."

"चाबी तो मैंने अपने बेटे को नहीं दी थी."

"वो पी के आता था," आतून आवाज आला. "ये पेट से बच्चे निकाल के आएगी. दे दे."

चावी लगेच मिळाली नाही. बाईंनी माझं आधार कार्ड बघितलं, ऑफिसचा नंबर घेतला, बहिणीशी फोनवर बोलल्या. मग कंबरेच्या जुडग्यातून एक चावी काढून खालच्या दुकानातल्या मुलाला दिली, दुसरी बनवून आणायला.

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "साडेतीनची खोली तू साडेसहाला घेतलीस."

"लातूरची एक मुलगी आहे माझ्या बॅचला. तिलाही खोली मिळत नाहीये. अर्धं अर्धं."

"विचारलंस तिला?"

"आता विचारते."

ती मुलगी आली. बाईंनी पाण्याचे म्हणून महिना हजार वाढवले आणि मी त्यावर बरीच हुज्जत घातली. कमी काही झाले नाहीत. अकरा महिन्यांच्या करारात मी एक महिन्याच्या नोटिशीचं कलम घालून घेतलं, कारण पुढे खेड्यातल्या आरोग्य केंद्राचं पोस्टिंग येणारच आहे. रविवारी रिक्षातून गादी, बादली, स्टोव्ह पोचवला.

पहिल्या आठवड्यातच, सकाळी मी दाढी करत असताना मालकीणबाईंचा फोन आला.

"आपकी लड़की रात को गई," त्या म्हणाल्या. "गेट की आवाज भी नहीं आई मुझे. चाय के लिए ऊपर गई तो दूसरीवाली ने बताया."

"वापस आई?"

"अभी नहीं."

मी तोंडावर साबण तसाच ठेवून भाचीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. बायको म्हणाली, कामात असेल, सोडा. मी डबा न घेताच निघालो आणि अर्ध्या रस्त्यातून तो घ्यायला परत आलो. अंबरनाथला कारखान्याच्या गेटवर कार्ड पंच करताना भाचीचा मेसेज वाजला. "दोन झाल्या, दोन्ही मुली. पोचले होते वेळेत. आंटीने चहा दिलाय, आता झोपते. फोन करू नका."

मी केला नाही. मेसेज मात्र बहिणीला पुढे पाठवला, आणि जेवणाच्या सुट्टीत, सवयीने, बदलापूरच्या पलीकडे त्या आरोग्य केंद्राच्या गावात कुणी ओळखीचं आहे का ते विचारायला लागलो.